नकाशात रापण कुठे आहे?

मालवणचा सविस्तर नकाशा मालवणकराला विकत मिळत नसे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून देशाचे नकाशे काढतो. त्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या जुन्या मालिकेत मालवण शहर ४७ एच/८ या पत्रकावर येते, वेंगुर्ले ४८ ई/९ वर. पण सरहद्द आणि समुद्रकिनारा यांच्यापासून आत सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातली पत्रके संरक्षणाच्या कारणाने ‘प्रतिबंधित’ असत. सिंधुदुर्ग जिल्हा वेळेपासून, म्हणजे समुद्राच्या वाळूपासून, घाटमाथ्यापर्यंत मोजला तरी ८० किलोमीटर भरत नाही, तेव्हा अख्खा जिल्हाच या कुलपाखाली. बंदर कुठे बांधायचे, खाण कुठे खोदायची, पर्यटनाचा पट्टा कुठे आखायचा हे ठरवणाऱ्यांच्या टेबलावर नकाशा असे. ज्यांच्या दारात हे सगळे येऊन ठेपायचे, त्यांच्या हातात फक्त सातबारा.

हे कुलूप नियमांनी निघण्याआधी आकाशातून निघाले. जून २००५ मध्ये गूगल अर्थ आले आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाचे वळण न् वळण कोणालाही घरबसल्या दिसू लागले. त्याच्या महिनाभर आधी केंद्राने राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर करून संरक्षणासाठी एक आणि सर्वांसाठी दुसरी अशा दोन नकाशामालिका केल्या होत्या. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय माणसाला आणि कंपनीला नकाशे तयार करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगीच काढून टाकली, आणि २८ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले. लोकांच्या पैशांतून गोळा केलेली भौगोलिक माहिती लोकांना मिळाली पाहिजे, हे सरकारने तोंडाने कबूल केले ते एवढ्या वर्षांनी. उपग्रह तोवर फिरतच होते.

उपग्रहांची चित्रे हा या गोष्टीतला सर्वांत उदार भाग. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा १९७२ पासूनचा संग्रह २००८ मध्ये सर्वांना फुकट खुला झाला. इस्रोचे ‘भुवन’ २००९ मध्ये सुरू झाले. युरोपचा पहिला सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ मध्ये वर गेला. आता त्याच्या जोडीमुळे मालवणवरून साधारण दर पाच दिवसांनी एक चित्र निघते आणि ते कोणीही उतरवून घेऊ शकतो. त्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो. म्हणजे १०० चौरस मीटर. आपला एक गुंठा १०१ चौरस मीटरच्या आसपास भरतो. तेव्हा सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जवळपास एक गुंठा, असे धरून चालायला हरकत नाही. हा हिशेब डोक्यात ठेवला की त्या चित्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही लगेच कळतात. खाडीकाठची वीस गुंठे कांदळवने तुटली तर वीस ठिपक्यांचा रंग बदलेल आणि ते दिसेल. शेजाऱ्याने गडगा दोन हात पुढे सरकवला तर मात्र उपग्रहाला त्याचे काही सोयरसुतक नाही.

कोकणात जमिनीचे तुकडे लहान, त्यांना पोटहिस्से, आणि एकेका सातबाऱ्यावर मुंबईत राहणाऱ्या चुलत्यांसकट डझनभर नावे. त्यामुळे इथे नकाशा म्हटला की माणसाला आधी मोजणी आठवते आणि मोजणीमागून भांडण. गावनकाशा आता ‘महाभूनकाशा’वर बघता येतो, सातबारा मोबाइलवर येतो. पण पर्यावरणाचे नियोजन ज्या नकाशांवर होते ते वेगळेच, आणि किनाऱ्यावरच्या माणसाच्या आयुष्यात त्यांतला सर्वांत वजनदार नकाशा म्हणजे सीआरझेडचा.

सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी ६ जानेवारी २०११ ची, आणि आत्ताची १८ जानेवारी २०१९ ची. ‘जागा सीआरझेडात येता’ हे वाक्य मालवण, देवगड, वेंगुर्ले या तिन्ही तालुक्यांत घर बांधायला काढणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते. पण कुठली रेषा, कुठून मोजली, हे विचारले तर उत्तर बहुधा ‘तलाठ्याक विचारा’ असे मिळते, आणि तलाठ्याकडे ते असेलच असे नाही.

मोजणी सुरू होते उधाणाच्या भरतीला पाणी जिथवर चढते त्या कमाल रेषेपासून. भांगाच्या भरतीचा इथे उपयोग नाही; उधाणाचीच भरती धरायची. ही रेषा देशभर एकाच संस्थेने आखून दिली आहे, चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने. ग्रामीण भागाचे २०१९ च्या अधिसूचनेत दोन वर्ग झाले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तिथे समुद्राकडून ५० मीटर ‘ना विकास क्षेत्र’, त्याहून कमी वस्ती असेल तिथे २०० मीटर. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, जे कमी असेल ते. आधीच्या अधिसूचनेत खाडीचे हे अंतर १०० मीटर होते. कांदळवने, वाळूच्या टेकड्या, कासवांची घरटी, प्रवाळ असे जे काही आहे ते सर्वांत कडक वर्गात, आणि कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा मोठे असेल तर त्याभोवती आणखी ५० मीटरचा पट्टा राखायचा. ओहोटीच्या रेषेपासून मोजून समुद्रातही हे क्षेत्र १२ सागरी मैलांपर्यंत जाते.

आता हे सगळे देवबागला लावून बघा. देवबाग ही तारकर्लीच्या दक्षिणेला सुटलेली वाळूची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, टोकाला दोघांचा संगम. समुद्राकडून २०० मीटर आणि खाडीकडून ५० मीटर आत मोजत गेलात तर पट्टीच्या चिंचोळ्या भागात या दोन रेषांच्या मधे फारशी जमीनच उरत नाही. तिथे राहणाऱ्या कुटुंबाचे घर, विहीर, माड, होडी ठेवायचा मांगर असे सगळे या दोन रेषांच्या कात्रीत असते. त्यात समुद्र दर पावसाळ्यात किनाऱ्याची धूप करतो. देशाच्या किनाऱ्याच्या १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांचा अभ्यास चेन्नईच्याच दुसऱ्या एका सरकारी केंद्राने केला. त्यात महाराष्ट्राचा सुमारे २५ टक्के किनारा धुपतो आहे असे निघाले. किनारा धुपला की भरतीची रेषा आत येते आणि रेषा आत आली की ना विकास क्षेत्रही आत सरकते. घर जागेवरच असते, पण कायद्याच्या भाषेत ते समुद्राच्या अधिक जवळ गेलेले असते.

अशा गावात नकाशा किती प्रमाणाचा आहे, यावर सगळे अवलंबून असते. जिल्ह्यांचे किनारा व्यवस्थापन आराखडे १:२५,००० प्रमाणाचे असतात. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर. ना विकास क्षेत्राचे २०० मीटर तिथे आठ मिलिमीटर होतात, खाडीकडचे ५० मीटर जेमतेम दोन मिलिमीटर. छापलेली रेषाच अर्धा मिलिमीटर जाड असेल तर ती साडेबारा मीटर जमीन खाते. देवबागात साडेबारा मीटर म्हणजे एक घर आणि त्याचे खळे. अशा पत्रकावर सर्व्हे नंबर मावत नाहीत, तेव्हा आपले घर रेषेच्या आत की बाहेर हे त्यावरून छातीठोकपणे सांगणे अशक्यच. कायद्याला हे माहीत आहे. म्हणून २०११ च्या अधिसूचनेने गावपातळीवर वापरायला १:३,९६० किंवा त्याच्या जवळच्या प्रमाणाचा नकाशा करायला सांगितले. हा चमत्कारिक आकडा कुठून आला? मैलाला सोळा इंच या हिशेबातून. इंग्रजी अमदानीतल्या जमीन मोजणीचे हे प्रमाण, आणि आपले गावनकाशेही त्याच परंपरेतले. हा मोठ्या प्रमाणाचा नकाशा गावनकाशावर बसवलेला असला तरच ग्रामस्थाला त्याचा उपयोग. बाकीचा नकाशा मंत्रालयासाठी.

नकाशे एकमेकांवर बसवण्यातही एक खोच आहे, ती माहीत नसलेला उत्साही माणूस हमखास फसतो. जुनी स्थलदर्शक पत्रके ज्या गणिती गोलावर काढली होती, तो एव्हरेस्टच्या नावाचा, १८३० सालचा. मोबाइलमधले जीपीएस वेगळाच गोल धरते. जुन्या पत्रकावरचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे मोबाइलच्या नकाशावर टाकले तर कोकणपट्टीत जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. ज्या कायद्यात ५० मीटरवरून घर राहते की जाते ते ठरते, तिथे शंभर मीटरची चूक घेऊन हरकत नोंदवायला जाणे म्हणजे अधिकाऱ्याच्या हाती आयता दाखला देणे. भारतीय सर्वेक्षण विभागाची खुली मालिका नव्या गोलावर आहे. ती वापरावी.

नकाशा आणि कायदा यांचे नाते इथे उलटे आहे, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. २०१९ ची अधिसूचना निघाली म्हणून लगेच लागू झाली नाही. राज्याचा सुधारित आराखडा मंजूर होईपर्यंत जुनीच अधिसूचना चालू राहील, असे तिच्यातच म्हटले होते. खाडीकाठचे १०० मीटर ५० वर आले ते नकाशावर शिक्का बसला तेव्हा. म्हणून मसुदा नकाशावरची जनसुनावणी ही उपचाराची गोष्ट नव्हे. पण ती बहुतेक वेळा उपचारासारखी होते. नकाशावरच्या खुणांची सूची इंग्रजीत, फाइल जड, आणि हरकत घ्यायची तर ‘पत्रक अमुक, रंग तमुक’ अशा भाषेत. दुपारी मासळी उतरवून आलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणे म्हणजे थट्टा आहे.

समुद्रातल्या रेषांची गोष्ट तर आणखी अवघड, कारण पाण्यात हद्दीचे दगड पुरता येत नाहीत. मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्यातच. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि स्नॉर्केलिंगला येणाऱ्या पर्यटकांवर आज निम्मे मालवण जगते. पण घोषणेनंतर कितीतरी वर्षे स्थानिक मच्छीमारांचा अभयारण्याला विरोध राहिला. त्यामागे रोजीरोटीची भीती होती, आणि त्या भीतीला खतपाणी घातले ते हद्दीच्या अज्ञानाने. कुठल्या खडपापासून कुठवर जाळे टाकायचे नाही, हे ज्याला सांगायला हवे त्याला ते कागदावर अक्षांश-रेखांशात सांगितले गेले. तो तर डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आला की जागा ओळखतो.

याच समुद्रात उलट उदाहरणही आहे. हैदराबादची राष्ट्रीय महासागर माहिती सेवा ही संस्था उपग्रहाने मोजलेले समुद्राचे तापमान आणि पाण्यातल्या हरितद्रव्याचे प्रमाण यांवरून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते सांगते. ती माहिती नकाशावर असतेच, पण सोबत मराठीतही येते, आणि येते ती बंदराच्या नावाने: अमक्या बंदरापासून तमक्या दिशेला, इतके किलोमीटर, इतकी खोली. उंच लाटांचा इशाराही असाच येतो. तांडेलाला नकाशाशास्त्र शिकावे लागले नाही, कारण माहिती देणाऱ्याने त्याच्या बंदरावर उभे राहून बोलायचे ठरवले. हे सीआरझेडच्या नकाशाला का जमू नये? घरमालकाने सर्व्हे नंबर आणि हिस्सा टाकावा आणि पडद्यावर मराठीत उत्तर यावे, एवढेच तर काम आहे. दोन्ही बाजूंची माहिती सरकारकडेच आहे. सध्या सीआरझेडची पत्रके पीडीएफ म्हणून मिळतात. ती बघता येतात, पण त्यांतली रेषा उचलून गावनकाशावर ठेवता येत नाही. खिडकीतून दाखवणे आणि हातात देणे यांतला फरक सरकारी खात्यांना चांगला ठाऊक असतो, अशी माझी समजूत आहे.

माहिती दडवण्याचा दाखला या जिल्ह्याने जवळून पाहिला आहे. २०१० मध्ये केंद्राने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा वेगळा विचार तिच्याकडे सोपवला. समितीने सगळ्या घाटाची सुमारे ९ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत विभागणी करून कुठला चौकोन किती नाजूक हे नकाशावर मांडले. मांडणीची पद्धतही उघड ठेवली, कोणी पडताळून पाहावी म्हणून. सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी आमची गावे संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव केल्याची नोंद त्या अहवालात आहे. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला आणि मंत्रालयाने तो ठेवून घेतला. माहिती अधिकारातल्या अर्जावर केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो जाहीर करायला सांगितले, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथे हरले, आणि मे २०१२ मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला. आल्यावर त्याला कडाडून विरोध झाला, अनेकांनी तो न वाचता केला. पण विरोध करण्यासाठीसुद्धा आधी कागद समोर असावा लागतो.

आणि कागद समोर आला तरी त्यावर काय आहे इतकेच नव्हे, तर काय नाही हेही बघावे लागते. रापण घ्या. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडत न्यायचे, दोन्ही टोकांचे दोर वेळेवर, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांनी ते ओढत आणायचे. मासळीचे वाटे घालायचे. यासाठी मोकळी, सलग वेळ लागते, आणि कुठल्या रापणीने कुठे ओढायचे याची गावात पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असते. रापणकराला सीआरझेडचा नकाशा दाखवा. तो सगळ्यात आधी विचारील, ‘हेच्यात रापण खंय आसा?’ वाळू म्हणून दाखवलेला पिवळा पट्टा त्याच्या लेखी कामाची जागा आहे. उद्या तिथे जेटी, बंधारा किंवा पर्यटकांच्या तंबूंची रांग आली तर नकाशा म्हणेल की मोकळ्या वाळूवर आली. मासेमारीची क्षेत्रे आणि माशांच्या प्रजननाच्या जागा आराखड्यात स्पष्ट दाखवाव्यात, अशी तरतूद अधिसूचनेत आहे. ती भरायची कोणी? चेन्नईतल्या संगणकाला ते कळण्याचा मार्ग नाही.

सड्यांचेही तसेच. जांभ्याचे उघडे कातळसडे महसुलाच्या दप्तरात पोटखराब, आणि देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात खडकाळ पडीक. पावसाळ्यात या पडीक जमिनीवर सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ताटवे पसरतात, तळी भरतात, आणि खालच्या गावांच्या विहिरी त्या पाण्यावर चालतात. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पे २०२२ मध्ये कोकणातल्या इतर सड्यांसोबत युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. म्हणजे एका नकाशात संभाव्य जागतिक वारसा आणि दुसऱ्यात पडीक. प्रकल्पाला जागा शोधणारा अधिकारी यांतला कुठला नकाशा उघडतो, हे सांगायला नको.

नकाशात नसलेले नकाशात आणण्याची वाट कायद्याने ठेवलेली आहे. जैवविविधता कायदा २००२ चा; त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते. तिच्यात देवराई, बाव, कासवांची वेळ, रापणीची जागा, कालवे-तिसऱ्यांच्या जागा हे सगळे मोबाइलवरच्या अक्षांश-रेखांशासकट लिहिता येते. त्याला साधा मोबाइल पुरतो. मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे पट्टे २०११ पासून ‘अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रां’च्या यादीत आहेत, आणि अशा क्षेत्राचे व्यवस्थापन मच्छीमारांसह स्थानिकांना बरोबर घेऊन करायचे असे अधिसूचनेत लिहिले आहे. गावाने नकाशावर घालायचा आपला थर तयार ठेवला असेल तर ‘बरोबर घेऊन’ या शब्दांना काही अर्थ. नाहीतर सही करायला बोलावणे येते तेवढेच.

किनारा आराखडा साधारण पाच वर्षांनी सुधारता येतो. पुढचा मसुदा येईल तेव्हा हरकत लिहिताना ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर थांबू नका. सर्व्हे नंबर लिहा, जागेचे अक्षांश-रेखांश लिहा, जुने आणि नवे उपग्रहचित्र जोडा. तोवर एक काम आहे. मंजूर आराखडा संकेतस्थळावर टाकून भागत नाही, त्याची छापील प्रत ग्रामपंचायतीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात उपलब्ध हवी, असे २०११ च्या अधिसूचनेच्या पहिल्या परिशिष्टातच म्हटले आहे. आपल्या ग्रामपंचायतीत ती आहे का, हे जाऊन विचारा, आणि नसेल तर लेखी मागा.